गौरीसाठी तेरडा, खिडकीच्या ग्रिलमध्ये: मुलुंडच्या नोंदी

आमच्याकडे तेरड्याची गौर असते. मुखवटे नाहीत, खडे नाहीत. मुळासकट पाच रोपं, आणि मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्यामुळे मुळं तुटलेली जुडी चालत नाही. १० सप्टेंबर २०२४ ला दादरच्या फुलबाजारातून ५० रुपयांना जुडी घेतली आणि लोकलच्या गर्दीत डोक्यावर धरून मुलुंडला आणली. घरी पोचेपर्यंत तिने मान टाकली होती. सासूबाई म्हणाल्या, "ही गौर आजारी आहे गं."

म्हणून ठरवलं की पुढची गौर घरची. तेरडा काय, पाऊस पडला की कुठल्याही बांधावर आपोआप येतो, त्यात अवघड ते काय! या वाक्याची किंमत खाली लिहिली आहे.

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याला संगमेश्वरकडे गावी आलोय. बी इथूनच न्यायचं. मुलुंडला आमच्या मागे डोंगराच्या उतारावर श्रावणात तेरडा फुलतो, पण ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द. तिथून काहीही तोडणं-उपटणं कायद्याने बंद आहे, तेव्हा तो विचारही नको. कासच्या पठारावरचा तेरडाही डोक्यात आणू नका. ती जात वेगळी आणि ती जागा जागतिक वारशातली.

घरामागच्या बांधावर झाडं निम्मी वाळली होती, बोंडं भरपूर. बोंड शेंगदाण्याएवढं, दोन्ही टोकांना निमुळतं, वर पांढरी लव. पिकलं की हिरवा रंग पिवळट होतो आणि बोंड तट्ट फुगतं. पहिल्या बोंडाला मी चिमटीत धरलं आणि फट्! हातात उरली सालाची पाच टोकं, अळ्यांसारखी वळलेली. बी कुठे गेलं ते बांधालाच माहीत. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी छत्री उलटी उघडून झाडाखाली धरली, "आता हलव." दहा मिनिटांत छत्रीच्या तळाशी चमचाभर बी जमलं.

एकेकटं बोंड काढायचं असेल तर आधी अख्खं मुठीत झाकायचं, मग देठ तोडायचा. फुटू दे मुठीतच. पिकलेलं बी तपकिरी-काळपट, मोहरीहून किंचित मोठं. पांढरं निघालं तर ते कोवळं, टाकून द्या. मी टाकलं नाही, त्याचं पुढे येतंय.

२७ ऑक्टोबर

बी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवलं होतं. आज उघडलं तर आत घाम आणि पांढरी बुरशी. कोवळं बी ओलं होतं, त्याने पिकलेलंही नासवलं. निम्मं फेकलं. उरलेलं दोन दिवस वर्तमानपत्रावर सावलीत पसरून कागदी पुडीत बांधलं आणि पुडी मसाल्याच्या कपाटात ठेवली.

९ मार्च २०२५

जानेवारीत नवऱ्याने ती पुडी मोहरी समजून फोडणीसाठी उघडली होती. तेल तापलेलं, पुडी हातात. मी स्वयंपाकघरात होते म्हणून वाचलं. तेव्हापासून पुडी देवघराच्या खणात आहे.

आज बी जिवंत आहे का ते बघायला वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवले.

२१ मार्च

बारा दिवसांत वीसपैकी सहा उगवले. म्हणजे जेवढी रोपं हवीत त्याच्या निदान चौपट बी पेरायचं. ही चाचणी फुकट होते आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावर बसतो. ती करा.

२७ मे

काल मुंबईत मान्सून आला! नेहमीची तारीख ११ जून, यंदा २६ मे. यंदा गौरीही लवकर आहेत, आवाहन ३१ ऑगस्टला, गेल्या वर्षीपेक्षा दहा दिवस आधी. पाऊसच धावून आला म्हटल्यावर मला राहवलं नाही.

मासळी बाजारातून थर्माकोलची दोन खोकी आणली, ४० रुपयांना एक. तळाला प्रत्येकी सहा भोकं पाडली, त्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले. पहिल्या खोक्यात लाल माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. दुसऱ्याची वेळ येईपर्यंत खत संपलं, तेव्हा त्यात लाल माती आणि इमारतीच्या कामातून उरलेली थोडी रेती. हे नाइलाजाने केलं होतं, ते लक्षात ठेवा.

पहिल्या खोक्यात साठ दाणे, अर्धा इंच खोल. गच्चीत ठेवायचं होतं पण सेक्रेटरींनी नाही म्हटलं, वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय. त्यांचं चूक नाही. मग पूर्वेच्या खिडकीचं ग्रिल. आमचा पहिला मजला, ऊन सकाळी अकरापर्यंत.

८ जून

पहिली पेरणी गेली.

पाऊस दोन-तीन दिवस पडला आणि गायब झाला. मी मात्र "पावसाळा सुरू झालाय" या समजात, पाणी घालायचं डोक्यातच नाही. ४ तारखेला नऊ कोंब वर आले होते. शुक्रवारी-शनिवारी आम्ही पुण्याला होतो. आज बघते तर नऊच्या नऊ सुतासारखे आडवे. जे उगवलेच नाहीत ते उकरून पाहिले. बरेच दाणे कोंब फुटून मातीतच वाकडे होऊन कुजले होते. अर्धा इंच त्यांना फार खोल झालं.

शिवाय खोक्याला मासळीचा वास राहिला होता, तर मांजराने एक कोपरा उकरला. खोकी आधी साबणाने धुवून चार दिवस कडक उन्हात ठेवायला हवी होती. आता ऊन आहे, ठेवलीत.

तेरड्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. त्यातल्या इम्पेशन्सचा अर्थ अधीर. बोंडं फुटतात म्हणून झाडाला दिलंय ते. या घरात ते मला शोभतं.

१७ जून

पाऊस परत लागला, आणि आता तो लागलेला वाटतोय. दुसरी पेरणी. ३१ ऑगस्टला बरोबर पंच्याहत्तर दिवस उरलेत.

या वेळी खोक्यात नाही. श्रीखंडाच्या दोन रुंद डब्यांना भोकं पाडून त्यात चाळलेली लाल माती, खत अजिबात नाही. बी वरच्या वर भुरभुरलं, हाताने हलकं दाबलं, वर माती नाही म्हटली तरी चालेल इतकीच. सुमारे एकशेवीस दाणे. डबे ग्रिलच्या आतल्या बाजूला, थेट सरी येणार नाहीत असे. पाणी बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून.

उरलेलं थोडं बी सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्टीत फेकलं. सेक्रेटरींना विचारून.

२६ जून

डब्यांत अडतीस रोपं! पहिली दोन पानं गोल, लुसलुशीत, नेहमीच्या तेरड्याच्या पानासारखी मुळीच दिसत नाहीत. घाबरून उपटू नका. कातरकडेची लांब पानं नंतर येतात. कंपाउंडच्या पट्टीतही वीसेक दिसतात, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या डब्यांतल्यांपेक्षा ठणठणीत आहेत.

२ जुलै

सकाळी एका डब्यात सात रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण खोड मातीला टेकतं तिथे दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक आणि तपकिरी. बोट लावलं की तिथेच तुटतं. रोप कोलमडणं म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत अकरा, दुसऱ्या दिवशी सतरा.

कारण मीच. पहिल्या वेळी पाणी कमी पडलं म्हणून आता सकाळ-संध्याकाळ घालत होते, त्यात आठ दिवस सूर्य नाही. आणि अडतीस रोपं दोन डब्यांत म्हणजे विरारच्या लोकलची गर्दी.

केलं ते असं: मेलेली रोपं मातीसकट चमच्याने काढली, पाणी तीन दिवस पूर्ण बंद, टेबलफॅन लांबून मंद लावला, आणि वर कोरड्या रेतीचा पातळ थर. हळदही भुरभुरली. तिचा उपयोग झाला की पंख्याचा, सांगता येत नाही. मर थांबली. एकवीस उरली.

१३ जुलै

कंपाउंडची पट्टी साफ. अक्षरशः. महिन्याचं गवत काढायला माळीदादा आले होते. वर ऑफिसची मीटिंग चालू होती, मला कळलं तेव्हा ढीग फाटकापाशी पडला होता.

"दादा, इथली रोपं?"

"जंगली होतं ताई, काढलं सगळं. आता कसं मोकळं दिसतंय बघा."

त्यांना काय बोलणार. तेरडा म्हणजे रानच. लावलेलं रान आणि उगवलेलं रान यात फरक कळायला काहीतरी खूण हवी. चार विटा आणि एक पाटी ठेवली असती तरी पुरलं असतं.

घाबरून नर्सरीतून ५० रुपयांचं बाल्समच्या बियांचं पाकीट आणलं. जात तीच, पण बागेसाठी निवडत-निवडत फुलं दुहेरी, गुलाबासारखी भरगच्च केलेली. पाकिटावरचं चित्र पाहून सासूबाईंनी चष्मा काढला. "ही काय गुलाबाची गौर?" रानातल्या फुलाच्या पाकळ्या मोजक्या आणि मागे बारीक वाकडी शेपटी. पाकीट पडून आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा.

१५ जुलै

रोपं चार-चार इंच. लावणी केली. आठ पहिल्या खोक्यात (निम्मं शेणखत), आठ दुसऱ्यात (माती आणि रेती). उरलेली पाच खालच्या मजल्यावरच्या काकूंना. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर माझ्या खोक्याचं लाल पाणी गळलं होतं, त्याची भरपाई. खोक्यांखाली आता जुना ट्रे आहे. ग्रिलमध्ये काही ठेवणार असाल तर ट्रे पहिल्या दिवसापासून.

लावणी संध्याकाळी करा. खोडात पाणीच पाणी असतं, नखाने दाबलं तरी चिरडतं. रोप पानाला धरून उचलायचं, खोडाला नाही.

३ ऑगस्ट

पहिल्या खोक्यातली रोपं गुडघ्याएवढी, पानं तळहाताएवढी लांब. दुसऱ्यातली वीतभर, किरकोळ, खोड लालसर. मी पहिल्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून पहिल्या खोक्यातल्या सहांचे शेंडे खुडले, फांद्या फुटाव्यात म्हणून.

दुसऱ्या खोक्यात कबुतर बसलं आणि दोन रोपं बुडापासून मोडली. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकल्याच्या बातम्या सध्या चालू आहेत. आमची कबुतरं त्या वाचत नाहीत. ३२० रुपयांची जाळी लावली. मेमध्येच लावायला हवी होती.

१० ऑगस्ट

पहिल्या खोक्यातल्या दोन रोपांची पानं रातोरात गायब, नुसते देठ. खाली ट्रेमध्ये मिरीच्या दाण्यांसारखी लेंडी. लेकीने शोधून काढली: बोटाएवढी काळपट अळी, दोन्ही बाजूंना ओळीने गोल ठिपके, डोळे काढल्यासारखे, आणि शेपटीवर बारीक शिंग. चालताना ते शिंग पुढे-मागे हलतं, घड्याळाच्या काट्यासारखं. हॉक मॉथची अळी, तेरडा हे तिचं ठरलेलं खाणं.

फवारणीचा विचार आला होता. लेक म्हणाली, "ती आपल्या आधीपासून तेरडा खातेय." मग ती दोन रोपं तिला आंदण दिली, बाकीची रोज रात्री मोबाइलच्या टॉर्चने तपासायची. आणखी एक सापडली, तिलाही तिथेच सोडलं. चार दिवसांनी दोघी दिसेनाशा झाल्या. कोष मातीत करतात, तेव्हा त्या कोपऱ्यातली माती मी उकरलेली नाही.

१७ ऑगस्ट

उलटंच झालं. वीतभर किरकोळ रोपांना पानांच्या बेचक्यात कळ्या. गुडघाभर धष्टपुष्ट रोपांना कळीचा मागमूस नाही. शेणखताने नुसता पाला वाढला, आणि शेंडे खुडल्याने उरलासुरला वेळ फांद्यांत गेला. दोन्ही चुका मी एकाच खोक्यात केल्या, त्यामुळे कुठली किती नडली ते वेगळं काढता येत नाही. पण बांधावरच्या मुरमाड मातीत तेरडा का फुलतो, ते कळलं.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस असा की शाळांना सुट्टी, गाड्या बंद. लाडावलेल्या रोपांपैकी दोन मोडली. वजन वर, खोड आत पाणीदार. किरकोळ सहाच्या सहा उभी. उरलेल्या सगळ्यांना नारळाच्या झाडूचे हीर टेकू म्हणून लावले, जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी सैल बांधले. दोऱ्याने बांधू नका, खोड कापतं.

हिशेब: पहिलं खोकं चार रोपं, कळी नाही. दुसरं सहा.

२३ ऑगस्ट

पहिलं फूल! गुलाबी-जांभळट, पानाच्या आड खाली मान घालून. पेरल्यापासून सदुसष्टावा दिवस.

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण तपासायची संधी सोडली नाही. उमलणाऱ्या पाच फुलांच्या देठांना रंगीत लोकर बांधली. तीन फुलं तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गळाली, एक दुसऱ्याच दिवशी पावसाने, एक चौथ्या दिवशी सकाळी. म्हण बरोबर आहे. फक्त तिने हे सांगितलं नाही की एक गळेपर्यंत शेजारी दोन उमललेली असतात.

३१ ऑगस्ट, आवाहन

सासूबाईंना पाचही रोपं फुलांची हवी होती. मी बियाण्यासाठी तीन राखून ठेवणार होते, कारण गौरी विसर्जनात गेल्या की पुढच्या वर्षी पुन्हा छत्री घेऊन संगमेश्वर. अर्धा तास चर्चा. शेवटी तीन फुलांची, दोन नुसत्या पानांची. "दोघी अजून लहान आहेत असं म्हणू," त्या म्हणाल्या.

रोपं आदल्या दिवशी उपटून ठेवायची नाहीत. सकाळी खोक्यात भरपूर पाणी घातलं, अर्धा तास थांबले, मग हाताचा पंजा खाली घालून मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि बादलीत हलवून माती सोडवली. एकही मूळ तुटलं नाही. पांढरी, जाळीदार, बुडाशी लाल झाक. दारापासून हळदी-कुंकवाची पावलं काढली. लेक ताट घेऊन पुढे. सासूबाईंनी विचारलं, गौर कशाच्या पाऊली आली? सोन्याच्या पाऊली आली, आम्ही म्हटलं.

उंबरठ्यावर दोन फुलं गळली. पण मान एकीनेही टाकली नाही. मुळं पाण्याच्या तांब्यात होती, २ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत टवटवीत राहिली.

९ सप्टेंबर

पहिल्या खोक्यात उरलेली दोन आज फुलली. विसर्जनाला आठवडा झाल्यावर. काकूंकडची पाच मात्र त्यांच्या गौरीत वेळेवर पोचली होती. त्यांनी ती जुन्या तुळशीच्या मातीत लावून कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

५ ऑक्टोबर

बोंडं पिकायला लागल्यावर त्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, चहाच्या पुडीएवढ्या. बोंडं आत फुटतात, बी पिशवीत राहतं. छत्री नको. तीन रोपांचं मिळून दोन चमचे बी निघालं, सगळं काळपट. तीन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत.

खर्च: लाल माती तीन पिशव्या २७०, शेणखत ८०, खोकी ८०, जाळी ३२०, बाल्समचं पाकीट ५०. एकूण ८०० रुपये. यातलं शेणखत आणि पाकीट म्हणजे १३० रुपये निव्वळ नुकसान. दादरच्या जुडीच्या हिशेबाने सोळा वर्षांच्या गौरी झाल्या असत्या, हे नवऱ्याने काढून दाखवलं.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे गौरी त्यानंतर. २६ मेला पाऊस आला तरी मी हलणार नाही. पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दोन्ही खोक्यांत रेतीची माती, शेंडे खुडायचे नाहीत. कंपाउंडच्या पट्टीत चार विटा आणि पाटी. माळीदादांना आधीच सांगितलंय. ते म्हणाले, "जंगली लावणार म्हणता?"

पुडी परत देवघराच्या खणात गेली. या वेळी सासूबाईंनी तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: गौर. फोडणीत घालू नये.